काकांच्या वाटीतलं तिरामिसू

आमच्या देवरीतल्या शेजारच्या काकू पदर कमरेला खोचून बोलतात आणि बोलताना हातातल्या चमच्याने हवेत एकेक गोष्ट खोडत जातात. त्यांच्या पोरीने त्यांना एकदा नागपूरच्या हॉटेलात तिरामिसू खाऊ घातलं. कॉफीत भिजवलेली बिस्किटं, वर घट्ट मलई, पुन्हा बिस्किटं, पुन्हा मलई. काकू त्या चवीने वेड्याच झाल्या. हे काकांनाही खाऊ घालायचंच, असं त्यांनी ठरवलं.

पण काकांना हार्टचा त्रास, म्हणून मलई गेली आणि फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का आला. मग काकांना शुगर निघाली, तशी साखर गेली आणि बिस्किटांच्या जागी साधे टोस्ट आले. पुढे काकांची झोप उडते म्हणून कॉफीही गेली. टोस्ट नुसत्या पाण्यात भिजू लागले. दर वेळी एक वाटी कुंपणावरून माझ्याकडे यायचीच.

"खाय ना बाप्पा, हलकं आहे. अजून घे."

मी मुकाट खायचो. हे तिरामिसू आहे की पथ्याचं जेवण, मला कळायचं नाही. नावं ठेवावीत, तर तिकडे काका वाटी चाटूनपुसून म्हणायचे, "याच्यासाठी नागपूरले कायले जावं?"

परवा मात्र मला राहवलं नाही. "काकू, हॉटेलातलं कसं लागत होतं?"

चमचा हवेतच थांबला. त्यांनी दुसऱ्या हातातल्या, काकांच्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं.

"आता मले बी आठवून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "असंच असन."