कौसाबाईंचे हात

मंडळी, आज माझी चांगलीच जिरली. विसरायच्या आत लिहून टाकतो.

भिवापूरजवळच्या एका मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या आवारात, बाया दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडतात. तिथल्या संडासाला कायम कुलूप. त्यावरच बायांनी नाटक बसवलं. शिकवायला मी नागपूरहून जायचो.

कौसाबाई संवाद म्हणतानाही रिकाम्या हातांनी देठ खुडत राहायच्या. महिनाभर मी ओरडलो, "बाई, हात थांबवा!"

आज दुपारी सातऱ्यावरच प्रयोग झाला. त्यांनी हात थांबवले आणि वाक्यच विसरल्या.

समोर बसलेल्या मैत्रिणीनं मिरचीचं टोपलं पुढे सरकवलं. "घे वं, खुड."

कौसाबाईंनी चार देठ खुडले. मग नाटकातल्या मालकाला सोडून प्रेक्षकांतल्या खऱ्या मालकालाच विचारलं, "शेठजी, आमच्या संडासाले कुलूप काहून? किल्ली द्या."

मालक गडबडून खिसे चाचपू लागले, आणि किल्ली खरंच निघाली!

निघताना मी माफी मागितली. त्या हसल्या. "सर, तुमी बी बोलताना चष्मा पुसत राह्यता. आमी कधी टोकलं का?"

मी तेव्हाही चष्माच पुसत होतो.

खरं बोलायची वेळ आली की तुमचे हात काय करतात?