चिकाची हाळी

बायको गेली, त्या उन्हाळ्यात आमच्या सणसरच्या आळीतल्या बायकांनी मला वाळीतच टाकलं. कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजला की वास यायचा, वाटी यायची नाही. ती होती तेव्हा गूळ घातलेली ऊन ऊन वाटी हातात द्यायची. म्हणायची, "पहिली तुमचीच."

जावई बारामतीत कॉम्प्युटर शिकवायचे. ते आले तेव्हा मी गाऱ्हाणं मांडलं. त्यांना भलतंच सुचलं.

"मामा, हे आमच्या मल्टिकास्टसारखं हाय. एकच निरोप पुष्कळांना द्यायचाय. भोंग्यावरनं ओरडलं तर नको त्याचेही कान किटतात. घरोघर वेगळा धाडला तर तोच निरोप त्याच रस्त्यानं पुन्हा पुन्हा पळतो. म्हणून तो एकदाच निघतो. फाटा आला की तिथं त्याची नक्कल होते, अन् ज्या बाजूनं कुणी 'मला पायजे' म्हटलंय तिकडंच जाते. फाट्यावरचं यंत्र मधनंमधनं विचारतं, कोण हाय का ऐकणारं? कुणीच बोललं न्हाय, तर ती वाट बंद."

माझ्या टाळक्यात उजेड पडला. चीक झाला की आळीत एकीनं दुसरीला, दुसरीनं भिंतीवरून तिसरीला हाळी द्यायची, हीच रीत. बायको गेल्यावरही शेजारीण थोडे दिवस भिंतीवरून विचारायची, "हाय का कोण?" मी बाजेवर पडून. ओ देणारी गेली होती ना.

"मग आता?"

"आता तुमी ओ द्या."

दुसऱ्या दिवशी वास आला तसं मी भिंतीवरून तोंड काढलं. "आलो गं!"

शेजारीण दचकली. "अगं बया! आबा, तुमी कुरडया घालनार?"

"घालीन. आधी वाटी."

बायका हसून लोळल्या. मला सोऱ्या दाबायला बसवलं, हात भाजले, तेव्हा कुठं वाटी मिळाली. तोंडाला लावणार, तोच आठवलं. आमच्या मागं थोरली भावजय एकटीच राहते. तिला हाळी जायची ती आमच्याच परसातून. आमचं घर मुकं झालं, म्हणजे तीही वाळीत!

परसात जाऊन बोंब ठोकली, "वैनी, चीक झाला!"

"कोण, भावजी?" काठी टेकत म्हातारी आली. माझ्या हातातली वाटी घेऊन चाटूनपुसून खाल्ली अन् डोळे पुसत म्हणाली, "माझी जाऊ गुणाची. दरसाल पहिली वाटी मलाच आणायची."

इतकी वर्षं मला "पहिली तुमचीच" म्हणत होती. लबाड!