काटा टाकू नको

दामाजी तांडेल घरात सोनं वितळवतो, हे शहाऐंशी साली ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पुरावे होतेच. कारखान्यात पाळी नसली की दुपारी त्याचं दार आतून बंद व्हायचं. फटीतून थिनरचा वास यायचा, मेणबत्तीचा उजेड दिसायचा. कपाटावर परदेशी चित्रांचे खोके होते. खिडकीत काचेची बरणी होती आणि तिच्यातल्या पिवळट तेलात एखादी वीतभर मोटारगाडी बुडवून ठेवलेली असायची. शेजारच्या आवडाबाईनं या सगळ्याचा उलगडा केव्हाच करून टाकला होता.

"गारीचे पोटान सोना भरतान, वरशी रंग मारतान," ती नळावर सांगायची. "खाडीतशी माल येतंय, बाय. मना काय कलत नाय? तो बोलत कनाला नाय, सांग. पोटान सोना हाय म्हनून बोलत नाय."

सोनं नव्हतं. प्लास्टिक होतं. दार बंद असायचं ते खाडीच्या वाऱ्यामुळे. एकदा दार उघडं राहिलं, तेव्हा एका गाडीचा तुरीच्या डाळीएवढा आरसा उडून अंगणात गेला आणि आवडाबाईच्याच कोंबडीनं तो खाल्ला. आणि दामाजी बोलत नव्हता, त्याला वेगळंच कारण होतं.

दामाजीचा बाप खाडीत जाळं लावायचा, दामाजीही लावायचा. मग खाडीच्या पाण्याला रोज नवा रंग यायला लागला, मासा रुसला आणि दामाजी माजिवड्याकडच्या एका कारखान्यात कंगवे ओतायच्या मशीनवर लागला. बायको लवकर गेली. घरात तो आणि त्याचा पोरगा पंढरी, दोघंच. दामाजीचा चुलतभाऊ गुणाजी जहाजावर खलाशी होता. त्यानं एकदा कुठल्याशा बंदरातून पंढरीसाठी एक खोका आणला. खोक्यावर जुन्या जमान्यातली लांब नाकाची, उघड्या छपराची लाल गाडी होती. खोक्याच्या आत गाडी नव्हतीच. प्लास्टिकच्या चौकटी होत्या आणि त्यांना दारं, चाकं, आरसे, सुकाणू असं सगळं चिकटून लोंबत होतं. पंढरीनं भोकाड पसरलं.

दामाजीनं एक चौकट उजेडासमोर धरली. "रडतो काय? हा तर काटा."

झालं. त्या घरात चौकटीला काटा हेच नाव पडलं. माशाचं मांस जसं बोटानं अलगद सोडवायचं, तसे गाडीचे भाग सोडवायचे, मागे राहतो तो काटा. फरक एवढाच, की माशाचा काटा मांजराला जातो आणि हा काटा टाकायचा नसतो. मेणबत्तीवर शेकवून ओढला की त्याची केसासारखी तार निघते, त्याची एरियल होते, वायपर होतो. तुकडे थिनरमध्ये विरघळवले की भेगा बुजवायला लांबीसारखा लगदा होतो. जाळ्याचा तुटका दोराही जपून ठेवणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागलं नाही.

पुढे दामाजी कल्याणच्या भंगारवाल्यांकडे फिरायला लागला. त्याला नव्या खोक्यांपेक्षा कुणीतरी अर्धवट सोडलेल्या, डिंक फासलेल्या, जाड रंग थापलेल्या जुन्या गाड्या जास्त आवडायच्या. त्या तो ब्रेक ऑइलमध्ये भिजत घालायचा. दोनेक दिवसांत रंग सायीसारखा सुटायचा. मग जुन्या टूथब्रशनं घासून, सांधे मोकळे करून, गाडी पुन्हा पहिल्यापासून जोडायची. बापलेक दुपारभर शेजारी बसायचे आणि दामाजी तेव्हा भरपूर बोलायचा. बोलणं सगळं गाड्यांशी, पण बोलायचा.

तेही एका वाक्यानं संपलं. पंढरी डोंबिवलीला कामाला लागला. तिथे त्याला मालन भेटली. साताऱ्याकडची, समुद्र न पाहिलेली. त्यानं घरी सांगितलं तेव्हा दामाजी जेवत होता. ताटातल्या माशावरून नजर न उचलता तो म्हणाला, "जिला काटा काढता येत नाय, ती या घरात करणार काय?"

अर्धी थट्टाच होती. पण पंढरी हसला नाही. तो उठला, दोघांनी मिळून केलेली ती लांब नाकाची गाडी फळीवरून उचलली आणि भिंतीवर मारली. महिनाभरात त्यानं लग्न केलं आणि दिवा स्टेशनाजवळ खोली घेतली. दामाजीनं पलंगाखालून, मोरीतून, दाराच्या उंबऱ्यातून गाडीचे तुकडे गोळा केले. सगळं मिळालं. फक्त नाकावरची उभ्या दांड्यांची जाळी भुगा झाली होती. त्या दिवसापासून दामाजी "हां" आणि "नाय" या दोन शब्दांवर राहू लागला.

तीन वर्षांनी, भर चैत्रात, दिव्याचे नळ कोरडे पडले. हंडे वाहून मालनची कंबर धरली. पंढरी तिला घेऊन दारात आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, "पाणी सुरू झालं की जाणार आम्ही. नुसतं सांगून ठेवतो."

"हां," दामाजी म्हणाला. ते दोघं जाऊ नयेत, एवढंच त्याला हवं होतं. पण त्याच्या एका वाक्यानं पोरगा गेला होता; दुसरं बोलायची त्याला भीती वाटत होती. म्हणून त्यानं तुकड्यांचा डबा काढला. पाणी यायच्या आत गाडी पोरासमोर ठेवायची, पुढचं गाडी बोलेल, असा त्याचा हिशेब.

पहिल्याच आठवड्यात एक घोळ झाला. मालन जेवणाची ताटं उचलत होती. तिनं सकाळी केर काढताना गाड्यांच्या चौकटी कोपऱ्यात लोटल्या होत्या, त्या दामाजीला दिसल्या. सुनेशी तो पहिल्यांदाच बोलला. "काटा टाकू नको. डब्यात ठेव."

मालननं हातातल्या ताटाकडे पाहिलं. ताटात पापलेटाचा काटा होता. पंढरीनं रागाच्या भरात तिला ते जुनं वाक्य सांगून ठेवलं होतंच. तिला वाटलं, परीक्षा सुरू झाली. त्या दिवसापासून घरात शिजलेल्या प्रत्येक माशाचा काटा ती राखेनं घासायची, धुवायची, पत्र्यावर चाळणीखाली वाळवायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लावून ठेवायची. लहान लहानात, मोठे मोठ्यात. कोपऱ्यातल्या चौकटी तिनं अडगळ म्हणून माळ्यावर टाकल्या.

गल्लीत सगळ्यात आधी बोंब मारली ती आवडाबाईनं. "अगो घाटावरचे, माजी मांजरा उपाशी मरतान. काटे पन सोरत नाय तू. सोन्याचे हाईत काय ते?"

"मामंजींनी सांगितलंय, मावशी. तुमच्यात ठिवत्यात न्हवं काटं?"

आता कोळ्यांची एखादी रीत आपल्याला माहीत नाही, असं आवडाबाई कबूल करेल तर ती आवडाबाई कसली. तिनं पदर सावरला. "ठेवतान, ठेवतान. जुन्या घरान ठेवतान." आणि मांजरांना हाका मारत ती आत गेली.

इकडे गाडी आकाराला येत होती. दारं बसली, चाकं फिरली, समोरची काच दामाजीनं शर्टाच्या खोक्यातल्या कॉलरच्या प्लास्टिकमधून कापली. अडलं ते जाळीवर. काटा शेकवून दांड्या ओढायच्या आणि एकमेकींना समांतर चिकटवायच्या, एवढंच काम. पण त्याचा हात थरथरायला लागला होता. एक दांडी बसेपर्यंत शेजारची तिरकी. सगळ्या तिरक्या दांड्या खरवडायच्या आणि पुन्हा सुरू. जाळ्याच्या गाठी डोळे मिटून मारणाऱ्या माणसाला वीतभर गाडीची जाळी जमेना.

याच दिवसांत मी, समोरच्या घरातल्या पोरीनं, त्याच्याशी पैज लावली. गल्लीतल्या झाडून सगळ्यांच्या मी नकला करायचे, आवडाबाईची तर तिच्या मांजरांनाही खरी वाटायची. एकटा दामाकाका निसटायचा. दोन शब्दांची नक्कल करणार काय? मी म्हटलं, "काका, पंढरीदादा समोर असताना तुम्ही हां आणि नायच्या पुढे जाणार नाही. गेलात तर गणपतीपर्यंत मी कुणाची नक्कल करणार नाही. नाही गेलात तर माझ्यासमोर बसून तासभर बोलायचं."

तो गाडीवरून मान न उचलता म्हणाला, "हां." मला वाटलं, जिंकलेच.

शुक्रवारी संध्याकाळी पंढरी कामावरून आला. "दिव्याला पाणी आलं. रविवारी निघतो."

"हां."

शनिवारी दुपारी दामाजीनं दार लावलं आणि शेवटचा प्रयत्न करायला बसला. जवळचा काटा संपला होता. "काटा?" त्यानं विचारलं.

मालननं दोन्ही हातांनी डबा आणून समोर ठेवला आणि बाजूला उभी राहिली. दामाजीनं झाकण काढलं. आत थरावर थर, पांढरेशुभ्र, वास न येणारे, माशांचे काटे.

तो बघतच राहिला. मालननं विचारलं, "कमी पडलं का, मामंजी? घोळ माशाचं मोठं हुतं, ते वायलं ठिवलंय."

दामाजीचे खांदे हलायला लागले. त्याला काही होतंय की काय, म्हणून मालन पाण्याकडे धावली. परत येते तो सासरा डोळे पुसत हसत होता. तिची काय चूक झाली, ते त्यानं तिला तेव्हाही सांगितलं नाही, नंतरही नाही. डब्यातून त्यानं लहान पापलेटाचा एक काटा उचलला आणि उजेडासमोर धरला. मधला कणा आणि त्याला एकाशेजारी एक लागून उभे दात. वर्षानुवर्षं कंगवे ओतलेल्या माणसाला तो कंगवाच दिसला. सगळ्या दांड्या सारख्या अंतरावर, मुळातच चिकटलेल्या; थरथरत्या हाताला लावायला काही उरलेलंच नव्हतं. त्यानं तेवढा तुकडा कापला, चंदेरी रंगात बुडवला, आणि तो सुकेपर्यंत सून आणि सासरा दोघंही त्याच्याकडे बघत बसले.

रविवारी बोचकी दाराशी बांधलेली होती. मीही उंबऱ्यात उभी होते, पैज जिंकायला. गाडी टेबलावर होती. पंढरीनं ती उचलली, चाक फिरवलं, दार उघडून लावलं. भिंतीवर आपटली होती त्या जागेवर अंगठा फिरवला. मग त्याचा अंगठा नाकावर थांबला.

"ही जाळी नवी. कसली आहे, बाबा?"

"पापलेटाची. तुझे बायकोनं ठेवलेली."

"मस्करी करतो काय?"

दामाजीनं कपाटावरून एक न फोडलेला खोका खाली काढला आणि गाडीशेजारी ठेवला. "गुणाजीनं दुसरा दिलेला, तो तसाच हाय. माझा हात हालतो. चाकं बसवायला तू लागशील, नि काट्याला ती. तिच्यासारखा काटा या घरान कोनी जपला नाय." तो श्वास घ्यायला थांबला. "दिव्यावरून रोज येनार काय?"

पंढरीनं मालनकडे पाहिलं. मालन खोक्याकडे बघत होती. "ह्यात बी काटं असत्यात व्हय?" तिनं हळूच विचारलं.

पंढरीनं दाराशी जाऊन बोचकं आत ओढलं. "नाय," तो बापाकडे बघून म्हणाला. हुबेहूब बापाचा आवाज. मला सात जन्मांत जमला नसता.

दामाजीनं माझ्याकडे वळून एवढंच म्हटलं, "गणपतीपर्यंत."

आणि नेमकी त्याच क्षणी आवडाबाई कुंपणापाशी येऊन ओरडली, "अगो घाटावरचे, तू ऱ्हातस ना? मग आज तरी माजे मांजराला काटा देशील?" काय तो सूर, काय ती लांबण. माझ्या जिभेवर सगळं जसंच्या तसं येऊन बसलं होतं. मी ओठ मिटून घरी गेले.