पत्र्याच्या खोलीतली शिडी

सुनावणी अकराची होती आणि मी सकाळी सातलाच तयार होऊन बसले होते. नोकरी केव्हाच गेली होती, घरचे वैतागले होते, पण मला मात्र कसला उत्साह चढला होता! मी हॉस्पिटलात खोटं बोलले होते, हे आज मी शेठच्या तोंडावर, भर कोर्टात सांगणार होते.

शेठ म्हणजे आमचे ठेकेदार. अंबडच्या पुढे त्यांची एक बिल्डिंग चालू होती, तिथे मी सुपरवायझर. तिसऱ्या मजल्यावर बाहेरून प्लास्टर चालू असताना परांचीची फळी सरकली आणि पेठ तालुक्यातला एक गवंडी खाली आला. खुबा मोडला. त्याची बायको त्याच साईटवर घमेली उचलायची, तिच्या डोळ्यांसमोरच पडला तो. दोघांना टेम्पोत घालून द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत शेठचे तीन फोन आले. "मॅडम, घरी पडला म्हणून सांगा. नाहीतर पोलीस येतील, काम बंद पडेल."

काउंटरवर विचारलं आणि मी घडाघडा सांगून टाकलं, घरात शिडीवरून पडला. खाली सहीसुद्धा ठोकली. आमच्या धंद्यात हे इतकं सर्रास चालतं की माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

पहिलं ऑपरेशन शेठनी करून दिलं. ते बिघडलं. दुसरं झालं नाही तर हा माणूस पुन्हा उभा राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा शेठनी तोच कागद पुढे केला. "कामावर पडला असता तर जबाबदारी माझी, घरी पडला त्याला मी काय करणार?" माझाच कागद! डोकं असं सणकलं की मी त्यांच्या टेबलावर फाईल आपटली आणि आवाज चढवून जे बोलायचं ते बोलले. संध्याकाळपर्यंत मी बेकार. मग गवंड्याच्या बायकोनं भरपाईचा दावा लावला आणि मी साक्षीदार झाले.

साक्ष झोकात सुरू झाली. फळी कशी सरकली, कमरेला बांधायचे सुरक्षेचे पट्टे स्टोअरमध्ये कसे पडून होते, सगळं सांगितलं. मग शेठचे वकील हसत उठले.

"ही सही तुमचीच?"

"हो."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता."

"तेव्हा बोलले होते."

"आणि आज बोलत नाही, हे कशावरून?"

आठवडाभर पाठ केलेलं सगळं गायब. शेठ शांतपणे मोबाईल बघत होते आणि मला संतापानं रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात मागून गवंड्याची बायको उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"साहेब, म्या बोलू का?"

जजसाहेबांनी मान हलवली.

"आमच्या खोलीत शिडी कुठं उभी करू? मलाच वाकून जावं लागतं. पत्रा डोक्याला लागतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "खोली कुणाची?"

"शेठची. त्यांनीच पत्रे मारून दिले, साईटवर, शिमिटाच्या गोदामाला लागून. आमचं सोताचं घर तं लय लांब हाय, पेठकडं."

अहाहा! मी उडी मारायचीच बाकी होती. रोज टेप घेऊन फिरणारी मी, त्या खोलीत कितीदा वाकून शिरलेली, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं! वकील घाईघाईनं कागद चाळायला लागले. शेठनी मोबाईल खिशात घातला. पुढच्या तारखेला मी टेप लावून काढलेले खोलीचे फोटो दिले. जमिनीपासून पत्र्यापर्यंत पाच फूट चार इंच.

निकाल लागला. गवंडी कामावरच पडला, जबाबदारी ठेकेदाराची, दुसऱ्या ऑपरेशनसकट. मी कोर्टाच्या आवारातच तिला मिठी मारली. इतका आनंद मला डिप्लोमा पास झाल्यावरही झाला नव्हता. हसत हसतच मी म्हणाले, "अहो बाई, हे त्या दिवशी हॉस्पिटलातच का नाही बोललात?"

"तुम्ही म्हणल्या ना, घरी पडला. मला वाटलं, तसं म्हणल्याबिगर डॉक्टर हात लावत नसतील. म्हणून म्या आमच्या ह्यांनाबी बजावलं, वरडा, पण साईटचं नाव घेऊ नका."

माझं हसू तिथंच थांबलं. म्हणजे गवंडी तेव्हा शुद्धीवर होता. माझ्या मागे स्ट्रेचरवर पडून त्यानं माझा शब्दन् शब्द ऐकला होता आणि आपल्याला वाचवायलाच मी हे बोलतेय असं समजून तो गप्प राहिला होता.