पालथी पाटी

शाळेतले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. घरातल्या ड्रॉवरमध्ये जुन्या चाव्या साठतात तसे ते साठत जातात. कुठल्या कुलपाची कुठली ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत. माझ्याकडे यंदाचे किस्से मात्र चक्क वहीत आहेत, कारण ते लिहायची मला सक्तीच होती!

झालं असं, की तालुक्याच्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, मुलांना गटात बसवा, एकमेकांकडून शिकू द्या. तुम्ही कोपऱ्यात बसून बघायचं, नोंदी ठेवायच्या आणि तेवढा वेळ अजिबात बोलायचं नाही. वीस वर्षं बोलण्याचाच पगार घेणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं आहे. पहिल्या दिवशी मी पेनचं टोपण चावून चावून पार चपटं केलं.

आमची शाळा चोपड्याहून स्कुटीवर अर्ध्या तासाची. मागच्या कुंपणाला लागून केळीची बाग, शिक्षक दोनच. तिसरी-चौथी एकाच खोलीत माझ्याकडे, पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं, म्हणून मीही म्हणते. नानांनी उभी नोकरी मुलांना सरळ ओळीत बसवण्यात घालवलेली. गटाचं ऐकून ते शांतपणे म्हणाले, "दिवाळीच्या सुटीपर्यंत करून बघा, मॅडम. सुटीनंतर पुन्हा ओळी."

मला काळजी होती ती चौथीतल्या भाग्यश्रीची. ही पोर सारखी 'का' विचारणारी. गेल्या वर्षी तिसरी नानांकडे होती. तेव्हा वजाबाकीत तिने विचारलं होतं, की हातचा घेताना मधल्या शून्याचे नऊ का होतात. नाना म्हणाले, "होतात. लिही." तिने लिहिलं, आणि त्यानंतर विचारणंच बंद केलं. माझ्या वर्गात आली तेव्हा ती फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवायची आणि गप्प बसायची. 

*

पहिला गट गणिताचा. तिसरीतला सोहम गटप्रमुख. पाच मिनिटांत तो उड्या मारत आला आणि आमचा गट पहिला, असं जाहीर करून मोकळा झाला.

मी वह्या बघितल्या. चौघांची उत्तरं सारखी, चुका सारख्या, खाडाखोडसुद्धा एकाच जागी. गटप्रमुखाने हुकूम सोडला होता, जसंच्या तसं उतरवा. गटाने तो मनापासून पाळला होता.

चारही वह्यांवर नाव होतं सोहमचं!

*

यावर उपाय काढला भाग्यश्रीने, आणि तो थेट खिचडीतून काढला.

आमच्याकडे दुपारची खिचडी शिजवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. अक्कांची नजर जरा अधू. कुणाला वाढलं, कुणाला राहिलं, हे त्यांना लांबून कळत नाही. म्हणून त्यांनी आपल्या अहिराणीत नियमच करून टाकलेला, "जेले भेटनी नही, त्यानी ताटली पालथी ठेवानी." आणि एकही ताटली पालथी असेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. मुलं तो नियम इतका पाळतात, की अक्का वाढेपर्यंत वास घेत बसतात, पण हात लावत नाहीत.

एक दिवस गणिताच्या तासाला भाग्यश्री गटाला म्हणाली, की आपण पाटीचं तसंच करू. ज्याला समजलं नाही त्याने पाटी पालथी ठेवायची आणि ती सुलटी झाल्याशिवाय पुढचं गणित नाही.

मी कोपऱ्यात बसून हे लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. प्रशिक्षणाच्या जाड पुस्तकात असं काही नव्हतं.

*

मराठीच्या धड्यात समुद्र आला. गटात समुद्र कुणीच पाहिलेला नाही. शेवटी चौथीतला एक मुलगा निघाला, जो लहानपणी मामाबरोबर मुंबईला जाऊन आला होता. त्याला लगेच तज्ज्ञ नेमण्यात आलं.

समुद्र कसा असतो, असं विचारल्यावर तज्ज्ञ म्हणाले, खारा. तू प्यायलास का, तर नाही. मग कशावरून?

"इथंच तर लिहिलंय, दुसऱ्या ओळीत."

चारही पाट्या एकदम पालथ्या झाल्या. त्यातली एक तज्ज्ञांची होती.

*

परिसर अभ्यासाचा किस्सा जरा लांबला. आमच्या भिंतीवर फळांचा एक विकतचा तक्ता आहे. त्यातल्या घडाची केळी टोकं खाली करून लोंबताहेत. केळीच्या बागेत वाढलेली ही पोरं. गटाने एकमताने निकाल दिला, की चित्र काढणाऱ्याने केळी फक्त हातगाडीवर बघितली असणार, कारण झाडावर ती टोकं वर करून असतात. त्यांनी स्वतः घड काढला, रंगवला आणि तक्त्यावर डकवून टाकला.

नानांनी तो काढला. तक्ता सरकारी सामान, त्यावर कागद चिकटवायचे नसतात. दुसऱ्या दिवशी मुलांनी पुन्हा डकवला, नानांनी पुन्हा काढला. मी नियमाप्रमाणे गप्प.

तिसऱ्या दिवशी चित्र पुन्हा तक्त्यावर, आणि नाना त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग वर्गाबाहेर पडले. खिडकीतून मला दिसलं, ते मागच्या कुंपणाशी जाऊन मान वर करून बागेकडे बघत होते. मग ते परत आले. मुलांच्या चित्राचा एक कोपरा सुटला होता, तो त्यांनी अंगठ्याने नीट दाबून बसवला आणि आपल्या वर्गावर गेले.

मला वाटलं, आता ओळींचं संकट टळलं. पण कसलं काय! दुसऱ्याच दिवशी आमचा आवाज भिंतीपलीकडे गेला आणि नाना दारात उभे. हा बाजार आहे का, असं त्यांनी विचारलं.

"नाही सर, गणित आहे," सोहम म्हणाला.

नाना हसले नाहीत. जाताना मला म्हणाले, "सुटीनंतर ओळी. लक्षात आहे ना, मॅडम?"

*

सुटीच्या आदला दिवस. मुलं निम्मी फराळात, निम्मी शाळेत. मला सकाळपासून करमत नव्हतं, कारण भाग्यश्री आता कुठे पुन्हा 'का' विचारायला लागली होती.

सोहमच्या गटासमोर वजाबाकी होती, ३०२ वजा १४८. भाग्यश्री त्याच गटात. सोहमने हातचा घ्यायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. शून्याकडे काहीच नाही, मग त्याने शेजाऱ्याला दिलं कुठून? आणि देऊनही त्याच्याकडे नऊ कसे राहिले? त्याने पाटी पालथी घातली.

सगळ्यांनी भाग्यश्रीकडे बघितलं. तिनेही आपली पाटी पालथी घातली. हळूहळू चारही पाट्या पालथ्या. सांगणारं कुणीच नाही! माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर होतं. मी पेनचं टोपण चावत बसले.

तेवढ्यात भाग्यश्री उठली आणि काड्यांचा डबा घेऊन आली. दहा काड्यांचा एक गठ्ठा, असे दहा गठ्ठे रबराने बांधले की शंभराचा मोठा गठ्ठा. तिने तीन मोठे गठ्ठे मांडले, मधली जागा रिकामी सोडली आणि शेवटी दोन सुट्या काड्या ठेवल्या. मग एका मोठ्या गठ्ठ्याचं रबर काढलं. दहाचे दहा गठ्ठे मधल्या जागेत आले. त्यातल्या एकाचं रबर काढून तिने त्या दहा काड्या सुट्या काड्यांत घातल्या.

सोहमने मधले गठ्ठे बोटाने मोजले. नऊ.

 मी मान वर केली तर नाना दारात उभे. ओळींचं सांगायलाच आले असणार. ते कधीपासून बघत होते कुणास ठाऊक. मुलांनी उत्तर काढलं, १५४, आणि एकेक करत चारही पाट्या सुलट्या झाल्या. मी नाना काय म्हणतात त्याची वाट बघत राहिले. 

नाना आत आले. गुडघ्यावर हात टेकत सतरंजीवर, भाग्यश्रीच्या समोर बसले. शेजारच्या ढिगातून त्यांनी एक पाटी घेतली आणि आपल्यापुढे पालथी ठेवली.

सोहम पुढचं गणित वाचायला लागला होता. भाग्यश्रीने त्याचा हात धरला.

"थांबा रे बठ्ठा," ती सगळ्यांना म्हणाली. "एक पाटी पालथी शे."

आणि तिने सुटलेल्या काड्या गोळा करून शंभराचा गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतला.