बावीस कॅसेटींवरची सनई

बायको, प्रमोदिनी, गेली तेव्हा शशिधर वर्देकडे तिने शूट केलेल्या बावीस व्हिडिओ कॅसेटी होत्या, आणि त्यांतल्या एकीतही तिचा आवाज नव्हता. दोष दुसऱ्या कुणाचा असता तर त्याला चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. तीही सोय नव्हती.

ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात शशिधर डिझाइनमध्ये होता. माणूस कमालीचा चिकित्सक. साधी इस्त्री घ्यायची तरी सहा दुकानं पालथी घालणार. एक्क्याण्णव साली घरच्या घरी व्हिडिओ एडिटिंग करायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं आणि परवडणाऱ्या कॅमकॉर्डरचा शोध सुरू झाला. तो तब्बल आठ महिने चालला. लायब्ररीतली मासिकं वाचून त्याने तक्ते केले, दर शनिवारी दुकानात खेटे घातले, आणि शेवटी दोन कॅमेरे उरले. महागातल्यात वरून संगीत घातलं तरी खालचं बोलणं शाबूत राहायचं. स्वस्तातल्यात एकच आवाज मावायचा. नवा घातला की जुना पुसला. दुकानदाराने हे दोनदा समजावलं होतं.

"अहो, थोडं थांबू, पण तो महागातलाच घेऊ," प्रमोदिनी म्हणाली. "आपल्या मंजूचं बोलणं राहील ना त्यात."

"फिल्म बघायची असते गं. बडबड कसली ऐकायची?"

स्वस्तातला घेतला. वर आपण फसलो नाही म्हणून स्वारी आठवडाभर खुशीत.

एडिटर तो आणि कॅमेरा प्रमोदिनीच्या हातात, अशी वाटणी आपोआपच झाली, कारण क्लिफ्टनच्या पुलासमोर कमरेवर हात ठेवून उभं राहायची हौस त्यालाच दांडगी. त्यामुळे ती चित्रात कधी आलीच नाही. कॅमेऱ्यामागे मात्र तिचं तोंड अखंड चालू. "मंजे, केस सावर गं," "अहो, पोट आत घ्या," आणि मग खो खो हसणं.

"सगळं शूटिंग नासवतेस तू," म्हणून तो खेकसायचा. मग पुण्याहून आणलेली सनईची कॅसेट लावून तिचं सगळं बोलणं शिस्तीत पुसून टाकायचा. तयार झालेली फिल्म मोठ्या कॅसेटवर उतरवायची आणि कॅमेऱ्यातली छोटी कॅसेट पुढच्या सहलीला पुन्हा वापरायची. ती हसत म्हणायची, "बरं झालं, माझा त्रास गेला."

पंच्याण्णवच्या ऑक्टोबरात ती किचनमध्ये कोसळली आणि दोन दिवसांत हॉस्पिटलमध्येच गेली. भेटायला येणारे पांगल्यावर एका दुपारी शशिधरने पहिली कॅसेट लावली. मग दुसरी. तीन दिवसांत बावीसच्या बावीस पाहून झाल्या आणि तो छोट्या कॅसेटी शोधायला उठला. त्या तीन होत्या. आणि त्याही त्याने पुढच्या सहलीसाठी कोऱ्या करूनच ठेवल्या होत्या.

इंग्लंडातच वाढलेली मुलगी, मंजिरी, केंब्रिजला शिकत होती. पुढच्या वीकेंडला ती घरी आली आणि कोट काढायच्या आत म्हणाली, "बाबा, मला आईचं आवाज ऐकायचंय. कुठल्या टेपमध्ये आहे?"

त्याच्याने सांगवेना. त्याने बाथ गावच्या सहलीची कॅसेट लावली. पडद्यावर मंजिरी वळून कॅमेऱ्याकडे पाहत काहीतरी बोलली, आणि लगेच चित्र गदगदा हलायला लागलं. प्रमोदिनी हसत होती. ऐकू येत होती फक्त सनई.

"दुसरं टेप?"

"सगळीकडे असंच आहे. मीच पुसलं. अक्कल शेण खायला गेली होती माझी."

ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. पाय जवळ घेऊन बसली. मग म्हणाली, "बाबा, डिनर रेडी झालं की आई मला जिन्यातून हाक मारायची ना, ते तुम्ही करून दाखवता? मी ट्राय करते, पण मला नीट आठवत नाही."

त्याने घसा खाकरला. "मंजे, ये गं खाली."

"असं नव्हतं, बाबा."

त्याने आवाज थोडा बारीक केला, शेवटी हेल काढला. मंजिरीने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती त्याच्या तोंडाकडे आशेने पाहत होती. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं. कशी म्हणायची ती? त्यालाही आठवेना.