दर्शनी भागात करावयाचा बदल

ज्या कुणी आमच्या खान्देशात ‘एलिव्हेशन’ हा शब्द आणला, त्याने सागवानी खांबांचं जेवढं वाटोळं केलं तेवढं वाळवीलाही जमलेलं नाही. तो माणूस कोण, मला माहीत नाही. पण आज घर दुरुस्त करणाऱ्याला, नुसता रंग देणाऱ्यालाही ‘एलिव्हेशन’ करायचं असतं. म्हणजे समोरचं जे काही जुनं आहे ते काढायचं आणि चकचकीत पत्रे ठोकायचे.

मी आर्किटेक्ट. कॉलेज नाशिकला, घर धुळ्याला आणि नोकरी जळगाव जिल्ह्यातल्या एका जुन्या गावात. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून तिथे काम करायचंय. तिथल्या पेठेत लाकडी खांबांची, दगडी ओट्यांची घरं ओळीने उभी आहेत. त्यांच्या रस्त्याकडच्या बाजूला काही बदल करायचा तर आमच्या समितीची परवानगी लागते. समिती म्हणजे दोन माणसं: मी आणि पालिकेचे इंजिनिअर देवरे भाऊ. आम्ही दर मंगळवारी अकरा वाजता बसतो आणि साडेबारापर्यंत निदान एक किस्सा होतोच. मैत्रिणींना फोनवर सांगून सांगून त्यांचे कान किटले, तरी हे संपत नाहीत. म्हणून थोडे इथे काढून ठेवते.

*

आमच्या अर्जात एक रकाना आहे: ‘दर्शनी भागात करावयाचा बदल’. तो मीच तयार केला. सरकारी भाषेत घराच्या समोरच्या बाजूला दर्शनी भाग म्हणतात, हे सगळ्यांना कळतं असं मी धरून चालले होते.

पहिल्याच महिन्यात एक अक्का अर्ज घेऊन आल्या. रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘गणपती उजवीकडे सरकवून मधोमध मुक्ताईची तसबीर लावणे.’

मी म्हटलं, “अक्का, हे देवघराबद्दल नाहीये.”

“दर्शन जठे व्हस तोच ना दर्शनी भाग?” अक्का म्हणाल्या. “मंग?”

मी अर्ज परत द्यायला निघाले, तर देवरे भाऊंनी तो माझ्या हातातून घेतला, ‘हरकत नाही’ असं लिहिलं आणि शिक्का मारला. अक्का समाधानाने गेल्या. समितीच्या इतिहासात इतक्या लवकर मंजूर झालेली दुसरी फाइल नाही.

*

नियम असा की खांबांना मूळ रंगच द्यायचा. एका गृहस्थांना पोपटी हवा होता. तोच मूळ रंग, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सिद्ध करू. पॉलिश पेपर आणि ब्लेड घेऊन त्यांच्या ओट्यावर बसले आणि बोटभर जागा खरवडायला लागले. पेठेतले पंधरा-वीस लोक बघायला जमले. पोपटीखाली निळा निघाला, निळ्याखाली गुलाबी, गुलाबीखाली चॉकलेटी. प्रत्येक थराला मी लोकांना थोडं भाषणही देत होते, की आता खाली सागाचा मूळ रंग दिसेल, बघाच.

चॉकलेटीच्या खाली पोपटी निघाला. त्याच्याखाली थेट लाकूड.

गृहस्थ वाकून बघत म्हणाले, “आजोबांची चॉइस चांगली होती, नाही का मॅडम?”

सही केली.

*

एका केळी बागायतदारांना समोरची कोरीव लाकडी तुळई काढून तिथे पत्रे लावायचे होते. मी त्यांना अर्धा तास समजावलं. हे कोरीवकाम कसं आहे, असे सुतार आता कसे मिळत नाहीत, बाहेरगावचे लोक असली लाकडं कशी शोधत फिरतात. ते मान डोलावत ऐकत होते. शेवटी त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

“पटलं मॅडम. एवढी चांगली वस्तू आम्ही बाहेर धुळीत ठेवली. खोलतो आणि हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावतो.”

ते गेल्यावर मी टेबलावर डोकं ठेवलं. देवरे भाऊ फाइल बांधत म्हणाले, “ताई, तुम्ही थोडं कमी चांगलं समजवत चला.”

*

नियमावलीच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं: ‘दर्शनी भागावर कोणतीही वस्तू टांगू नये.’ माझ्या डोळ्यांसमोर जाहिरातींचे बोर्ड होते. पेठेच्या डोळ्यांसमोर दाराला टांगलेली काळी बाहुली आली. पुढच्या मंगळवारी आमच्या ऑफिसचा जिना माणसांनी भरला.

देवरे भाऊ शांतपणे म्हणाले, “नियम ठेवू. फक्त बाहुल्या काढायला शिडीवर ताई चढतील.”

मी अंधश्रद्धेविरुद्ध कॉलेजात निबंध लिहून बक्षीस मिळवलेली मुलगी आहे. तरीही नियम त्याच दिवशी खोडला.

*

आता आबांचा किस्सा.

पेठेतल्या एका ओळीतली सात घरं एकदम नीटनेटकी करायची, हे माझं स्वप्न होतं. मीटरचे गंजके डबे आत, लोंबणाऱ्या वायरी आत, पावसाच्या पाण्याचे पाइप मागच्या बाजूला. मालकांना पटवायला आठ महिने गेले. मी घाई केली, चिडले, एकदा रडलेसुद्धा. शेवटी सातही घरं तयार झाली. काम संपलं त्या संध्याकाळी ओळ अशी दिसत होती की मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून फोटो काढले आणि मागून येणाऱ्या रिक्षावाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

सहाव्या घरात आबा राहतात. कापसाच्या जिनिंग मिलमधून रिटायर झालेले. काचबिंदूने दहा-बारा वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले. तरी रोज सकाळी एकटे कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जातात, तिथला कारागीर दाढी करता करता त्यांना पेपर वाचून दाखवतो, आणि ते घरांच्या भिंतींवरून हात फिरवत परत येतात.

फोटो काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा सलूनमधून निघाले आणि सातव्या घरात शिरले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “चहा ठेव.”

ते घर शोभावहिनींचं. वहिनींनी चहा करून हातात दिला. आबांनी घोट घेतला.

“आज साखर बरोबर पडली,” ते म्हणाले. मग थांबले. “हाई मन्हं घर नई शे का?”

मंगळवारी ही गोष्ट मला त्यांच्या मुलाने सांगितली. मी हसले. तो हसला नाही.

“आता मी त्यांना एकटं सोडत नाही,” तो म्हणाला. “आज शेजारी गेले, उद्या चौकात गेले तर? चार दिवस झाले, खाटेवर बसून आहेत. पेपर मी वाचून दाखवतो म्हटलं, तर नको म्हणतात.”

मी त्याच्याबरोबरच निघाले. आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी विचारलं, “आबा, तुम्ही घर ओळखायचे कशावरून?”

“पाइपवरून. आपल्या घराच्या कोपऱ्यावर पाइप होता ना. कापसाच्या ट्रॉलीने धडक दिली तेव्हापासून मधेच वाकडा. वाकड्याला हात लागला की पुढचं दार माझं.”

तो पाइप मीच, कामाच्या शेवटच्या दिवशी, काढायला लावला होता. आठ महिन्यांत मला सगळ्यात जास्त खुपलेली वस्तू ती होती.

“पाइप काढल्याचं घरच्यांनी सांगितलं नव्हतं?”

“माले सांगेल व्हतं,” आबा म्हणाले. “हातले कोन सांगी?”

मी उपाय सुचवायला सुरुवात केली. दारं मोजा. आबा म्हणाले, वाटेत कुणी बोललं की आकडा विसरतो, आणि कुणाशी बोलायचं नाही तर बाहेर कशाला पडायचं? दाराला घंटी बांधू. “मग मी देऊळ समजून चपला बाहेर काढून आत येईन,” आबा म्हणाले. मग मला बरं वाटावं म्हणून असेल, विचारलं, “पेठ आता छान दिसत असेल, नाही?”

मी हो म्हटलं. ते खरंही होतं.

पुढच्या मंगळवारी मी समितीपुढे अर्ज ठेवला. अर्जदार मी. दर्शनी भागात करावयाचा बदल: जुना वाकडा पाइप मूळ जागी बसवणे. कारण: आबांना घर सापडत नाही.

देवरे भाऊंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. “ताई, तुमच्या नियमात पाइप बसत नाही.”

“माहीत आहे.”

“पाण्याची लाइन तर मागे गेली. यातून पाणी जाणार का?”

“नाही.”

“मग हा पाइप नाही,” भाऊ म्हणाले. “हा खांब झाला. खांबाला आपली बंदी नाही.” आणि शिक्का मारला.

पाइप आबांच्याच गच्चीवर सापडला. त्यावर कपडे वाळत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर आला. तीस वर्षं हे काम करणारा माणूस, ओळंबा लावल्याशिवाय खिळा ठोकत नाही. आबांच्या मुलाने आबांना सलूनपर्यंत पोचवलं आणि परत येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. इकडे प्लंबरने दोन क्लॅम्प मारले, पाइपचा बाक ठोकून ठोकून काढला आणि अभिमानाने मागे सरकला. पाइप ओळंब्यात होता.

आबा निघाले. पहिलं घर, दुसरं, तिसरं. हात खांबांवरून, भिंतींवरून येत होता. चौथ्या घरापाशी कुणाशी तरी थांबून बोलले. मुलगा पुढे जायला लागला, मी त्याची बाही धरली. पाचवं घर. आबांचा हात पाइपला लागला, आणि ते तसेच पुढे गेले. स्वतःच्या दारावरून पुढे.

मग थांबले. दोन पावलं मागे आले. पाइप वरून खाली चाचपला.

“हाई वाकडा नई शे,” ते म्हणाले.

प्लंबरने माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली. त्याने मोठा उसासा टाकून मधला क्लॅम्प सोडला आणि हातोडा घेतला. आबा पाइपवर हात ठेवून उभे राहिले. एक ठोका. “अजून.” दुसरा. “अजून थोडा, भिंतीकडे.” तिसरा, चौथा. शोभावहिनी दारात येऊन उभ्या होत्या, सलूनचा कारागीर कात्री हातात घेऊन आला होता.

“बस,” आबा म्हणाले.

ते पुन्हा पाचव्या घरापर्यंत मागे गेले, तिथून चालत आले, पाइपला हात लावला, वळले, ओट्याची पायरी चढले आणि स्वतःच्या दारातून आत गेले. मुलगा मटकन ओट्यावर बसला.

प्लंबरने हातोडा पिशवीत टाकला, पाइपकडे पाठ केली आणि हळू आवाजात मला म्हणाला, “मॅडम, कुणी विचारलं तर हे काम माझं नाही.”